गोळ्या घरी राहिल्या, माणूस कोठडीत

१. फोनवरचा प्रश्न

घरातल्या माणसाला रात्री पोलीस घेऊन गेले की नातेवाईक आधी ओळखीचा वकील शोधतात. जामीन कधी होईल, हे विचारून झालं की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "त्यांच्या बीपीच्या गोळ्या घरीच राहिल्यात. ठाण्यात नेऊन दिल्या तर देतील का त्यांना?" कुणाच्या बाबतीत गोळ्यांच्या जागी इन्सुलिन असतं, कुणाचा दम्याचा पंप, कुणाचं फिटचं औषध.

याचं थोडक्यात उत्तर : हो, जरूर न्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठीही सोबत न्या. पण हा प्रश्न दिसतो त्याहून बराच मोठा आहे. बाहेर असलेल्या माणसाला बरं वाटेनासं झालं तर तो आपल्या परीने काहीतरी करतो. आडवा होतो, पाणी पितो, मेडिकलमधून गोळी आणतो, रिक्षा करून दवाखाना गाठतो. कोठडीतल्या माणसाच्या हातात यातलं काहीच उरत नाही. पाण्यासाठीसुद्धा त्याला गजाआडून हाक मारावी लागते आणि ती कुणीतरी ऐकावी लागते.

म्हणूनच कायद्याने ही जबाबदारी चावी ज्याच्याकडे आहे त्याच्यावर टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५६ सांगतं, की आरोपी ज्याच्या ताब्यात असेल, त्याने आरोपीच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणं हे त्याचं कर्तव्य आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच ५५-अ या कलमात होतं. आरोप चोरीचा आहे की खुनाचा, यावर ही काळजी कमी-जास्त होत नाही.

२. अंगझडतीत काय काय जातं

अटक झाल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. तिथून पुढे दोन वाटा फुटतात. तपासासाठी पोलिसांच्याच ताब्यात ठेवलं तर 'पीसीआर' आणि कारागृहात पाठवलं तर 'एमसीआर', हे शब्द महाराष्ट्रातल्या कुठल्याही कोर्टाच्या आवारात कानावर पडतात. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. मात्र नव्या कायद्यात हे १५ दिवस सलग असण्याची गरज उरलेली नाही. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ते तुकड्यातुकड्यानेही घेता येतात. आरोग्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की माणूस पुन्हा पुन्हा हात बदलतो आणि प्रत्येक बदलात त्याच्या औषधाचा धागा तुटू शकतो.

तो धागा पहिल्यांदा तुटतो अंगझडतीत. कोठडीत घालण्याआधी पट्टा, करगोटा, मोबाइल, पाकीट काढून घेतलं जातं आणि त्याची नोंद होते. आत्महत्या आणि हाणामारी टाळण्यासाठी ते गरजेचंच आहे. पण त्याच सामानात दम्याचा पंप जातो, जिभेखाली ठेवायची छातीदुखीची गोळी जाते, चष्मा आणि कानातलं यंत्रही जातं. मध्यरात्री धाप लागली तेव्हा पंप वीस पावलांवरच्या कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या हवालदाराकडे. औषध काढून घेण्यामागे पोलिसांचं कारण खरं आहे, कारण सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या तर जीव जाईल. पण औषध सुरक्षित ठेवायचं आणि वेळेवर द्यायचं, अशी दोन कामं इथे आहेत. त्यातलं पहिलं होतं आणि दुसरं राहून जातं.

३. 'मेडिकल' म्हणजे नेमकं काय

अटकेनंतर पोलीस आरोपीचं 'मेडिकल' करून आणतात. त्यात दोन वेगळ्या तपासण्यांची गल्लत होते, ती आधी सोडवून घेऊ. एक तपासणी पुराव्यासाठी असते. रक्त, नखं, केस, गुन्ह्याशी संबंधित जखमा यांसाठी ती पोलिसांच्या विनंतीवरून होते आणि नव्या संहितेत ती कलम ५१ मध्ये येते. दुसरी कलम ५३ ची, आणि ती आरोपीच्या हिताची आहे. अटक झाल्यावर लवकरात लवकर सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने, तो नसेल तर नोंदणीकृत डॉक्टरने, आरोपीला तपासायचं. अंगावरच्या जखमा, मारहाणीच्या खुणा आणि त्या साधारण कधी झाल्या असाव्यात हे लिहायचं. आरोपी स्त्री असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच किंवा महिला डॉक्टरच्या देखरेखीखाली व्हायला हवी. आणि या अहवालाची एक प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यायची. ही प्रत मागायची असते हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

प्रत्यक्षात काय घडतं? ग्रामीण रुग्णालय, रात्रीचे अकरा. एकच डॉक्टर ड्यूटीवर, बाहेर सर्पदंशाचा रुग्ण, आत बाळंतपण. शिपाई 'यादी' पुढे करतो. पोलीस डॉक्टरांना जे विनंतीपत्र देतात, त्याला हे नाव आहे. आरोपी दारात उभा, शिपायाने त्याचा दंड धरलेला. "काही त्रास आहे का?" "नाही साहेब." नाडी, बीपी, सही, शिक्का. ज्याने मारलं असेल किंवा ज्याच्या भरवशावर पुढचे चार दिवस काढायचे आहेत, तोच शेजारी उभा असताना माणूस दुसरं काय बोलणार? पोलिसांना आरोपी दिसत राहील पण त्याचं बोलणं ऐकू येणार नाही, इतक्या अंतरावर त्यांना उभं करणं डॉक्टरला सहज शक्य आहे, आणि माझ्या मते तपासणीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच.

त्यानंतर पाच प्रश्न पुरेसे आहेत. रोज कुठलं औषध घेता, शेवटचा डोस कधी घेतला? दारू किंवा इतर नशा रोजची आहे का, शेवटची कधी? डोक्याला मार लागला होता का, थोडा वेळ शुद्ध गेली होती का? फिट, दमा, हृदयविकार, मधुमेह यांपैकी काही? जीव द्यावासा वाटतो का? मग शर्ट काढायला लावून पाठ पाहायची, तळवे पाहायचे आणि शेवटी कोठडीत औषध कोणतं, किती वाजता, कुणी द्यायचं हे वाचता येईल अशा अक्षरात लिहायचं. 'कोठडीसाठी योग्य' एवढा शेरा पहाटे तीन वाजता पहाऱ्यावरच्या शिपायाच्या काहीच उपयोगाचा नसतो.

एकदा तपासून भागत नाही. पश्चिम बंगालमधल्या विधी सहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये जे आदेश दिले, त्यांत कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरने तपासणी करावी, असा आदेश आहे. हा आकडा किती नेमका बसतो, ते पुढच्या भागात दिसेल.

४. "नाटक करतोय"

कोठडीतला माणूस बरळतो, उलट्या करतो, हाक मारली तरी उठत नाही. अशा वेळी ठाण्यात दोन निदानं पटकन होतात : "प्यायलाय" किंवा "नाटक करतोय". कधीकधी ती खरीही असतात. पण कोठडीत टाळता येण्याजोगे जे मृत्यू होतात, त्यांची वाट अनेकदा या दोन वाक्यांतून जाते. वर्दीतल्या माणसाने डॉक्टर व्हावं अशी अपेक्षा नाही. काही गोष्टी दारूसारख्याच दिसतात, एवढं त्याला माहीत असलं तरी जीव वाचतो.

त्यातली पहिली साखर. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी सकाळी घेतलेला माणूस दहा वाजता ताब्यात आला आणि संध्याकाळपर्यंत जेवला नाही, तर रक्तातली साखर घसरते. त्याला घाम फुटतो, हात थरथरतात, तो चिडतो, शिवीगाळ करतो, झोकांड्या खातो आणि शेवटी बेशुद्ध पडतो. शुद्धीत असेपर्यंत साखरेचं पाणी दिलं की काही मिनिटांत तो माणसात येतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही, तिथे शिरेतून ग्लुकोज लागतं. याच्या उलट अवस्था टाइप-१ मधुमेहात येते. इन्सुलिन बंद पडलं की एक-दोन दिवसांत उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास सुरू होतो, आणि श्वासाला जो गोडसर वास येतो तोही दारूचाच समजला जातो. बोटातून एक थेंब रक्त काढून मशीनवर टाकलं की एका मिनिटात उलगडा होतो. असं एक मशीन प्रत्येक ठाण्यात असायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट डोक्याचा मार. भांडणात डोकं आपटलेला माणूस ठाण्यात चालत येतो, जबाब देतो आणि दोन-चार तासांनी गाढ झोपतो. कवटीच्या आत रक्त साचत असताना असा मधला बरा काळ येऊ शकतो. तो दारू प्यायलेला असेल तर धोका दुप्पट, कारण सगळं दारूच्या नावावर खपतं. मोठमोठ्याने घोरणं हे निवांत झोपेचंच लक्षण असतं असं नाही. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वासाची वाट अडते, तेव्हाही तसाच आवाज येतो. त्याला कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

इंग्लंडमध्ये याची साधी पद्धत लिहून ठेवलेली आहे. तिथल्या १९८४ च्या पोलीस कायद्याखालील आचारसंहितेनुसार नशेत असलेल्या कैद्याला निदान दर अर्ध्या तासाने जागं करून पाहावं लागतं. हाक मारून, हलवून तो उठतो का? नाव काय, आपण कुठे आहोत, या प्रश्नांना नीट उत्तर देतो का? 'डोळे उघड, हात वर कर' म्हटलं तर करतो का? आणि दारूखेरीज दुसरं काही असेल का, हे तपासणाऱ्याने आठवणीने मनात ठेवायचं. यातलं एक जरी चुकलं तरी डॉक्टर किंवा अँब्युलन्स. या पद्धतीला ना यंत्र लागतं ना पदवी, आणि मराठीत एका पानावर छापून ती प्रत्येक कोठडीबाहेर लावता येईल.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी, कारण ती दारू असताना होत नाही, दारू उतरल्यावर होते. एक उदाहरण घेऊ. रोज भरपूर देशी पिणारा ४५ वर्षांचा माणूस. शेवटचा घोट सोमवारी दुपारी ३ ला, अटक संध्याकाळी ७ ला. रात्री ११ च्या सुमारास हात कापायला लागतात, घाम येतो, झोप लागत नाही. मंगळवारी फिट येण्याची भीती सगळ्यात जास्त. मंगळवारी दुपारीच त्याला कोर्टात नेतात आणि शुक्रवारपर्यंत पीसीआर मिळतो. बुधवारी दुपारपासून पुढचे एक-दोन दिवस खऱ्या धोक्याचे. भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं सुरू होतं, ताप चढतो, नाडी धावत सुटते. दारू सोडून दोन दिवस झालेले असल्याने दारूचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. "वेड्याचं सोंग घेतोय" म्हणतात. उपचार न मिळाल्यास या अवस्थेत मृत्यू येऊ शकतो. उपचार मात्र तालुक्याच्या ठिकाणीही मिळण्यासारखे आहेत : डॉक्टरच्या देखरेखीखाली लोराझेपामसारखं औषध, ब-१ जीवनसत्त्व, सलाईन. आता ४८ तासांच्या तपासणीकडे पुन्हा बघा. सोमवारी संध्याकाळी अटक, म्हणजे ती तपासणी बुधवारी संध्याकाळी येते, भिंतीवर किडे दिसू लागतात नेमकी तेव्हाच.

नाटक करणारेही असतात आणि दवाखान्यातून पळालेले आरोपीही पोलिसांनी पाहिलेले असतात. कोठडीच्या पहाऱ्यावर एक-दोनच शिपाई, बाकी ठाणं बंदोबस्ताला, गाडी एकच आणि तीही रस्त्यावर, ही अडचणही खरी आहे. तरीही हिशेब सरळ आहे. नाटक खरं मानलं तर एक फेरी वाया जाते. खऱ्याला नाटक मानलं तर माणूस जातो.

५. बाहेरून न दिसणारी जखम

मारहाणीबद्दल लोक विचारतात : अंगावर खास काही खूण नव्हती, मग तीन दिवसांनी किडनी फेल कशी झाली?

आपल्या स्नायूंत एक लालसर प्रथिन असतं. मांड्या, पाठ, ढुंगण यांवर खूप मार बसला की स्नायूंच्या पेशी फुटतात आणि ते प्रथिन रक्तात उतरतं. गाळणीत चहाचा चोथा साचला की चहा खाली उतरत नाही, तसं काहीसं मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांचं होतं. लघवी गडद, कोकसारखी होते, मग कमी होत जाते. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. कातडी फाटलेली नसते. वळ पुसट असतात, सावळ्या त्वचेवर तर नीट दिसतही नाहीत. तळव्यांवरच्या माराचंही तसंच आहे, कातडी जाड असल्याने खूण राहत नाही, पण आतली सूज माणसाला चालू देत नाही. म्हणून तपासणीत माणसाला दोन पावलं चालायला लावणं आणि लघवीचा रंग विचारणं हे वळ शोधण्याइतकंच महत्त्वाचं. वेळेत ओळखलं तर भरपूर सलाईनने मूत्रपिंड बहुतेक वेळा वाचवता येतं, उशीर झाला तर डायलिसिस.

असा मार देणं बेकायदेशीर आहे, कबुलीसाठी असो की शिक्षा म्हणून. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून अंगीकारलेला नाही आणि छळाविरुद्धचा स्वतंत्र कायदाही केलेला नाही. त्यामुळे पहिल्या तपासणीचा कागदच पुष्कळदा एकमेव साक्षीदार उरतो. कोठडीत मृत्यू झालाच, तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या १९९३ च्या सूचनेनुसार आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं. शवविच्छेदनाचं चित्रीकरणही अपेक्षित आहे.

६. पहिली रात्र

कोठडीतल्या आत्महत्यांचा धोका सुरुवातीच्या तासांत सर्वाधिक असतो. आयुष्यात पहिल्यांदा ठाण्याची पायरी चढलेला माणूस, गावात आता तोंड कसं दाखवू या विचाराने पोखरलेला, नशा उतरत असलेला, कोर्टातून वाईट बातमी घेऊन परतलेला. हे ओळखायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. 'जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का' असं सरळ विचारल्याने मनात नसलेला विचार येतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्यावर बरेच जण बोलतात. अशा माणसाला एकटं ठेवू नये, पहाऱ्याच्या फेऱ्या ठरावीक वेळी न मारता मागेपुढे कराव्यात आणि घरच्यांशी दोन शब्द बोलू द्यावेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कोठडीसह सगळीकडे सीसीटीव्ही लावायला सांगितलं, पण त्या पडद्यासमोर कुणी बसलेलं नसेल तर कॅमेरा फक्त नंतरची गोष्ट सांगतो.

मानसिक आजार असलेला, रस्त्यावर भटकणारा माणूस पोलिसांनी ताब्यात घेतला, तर त्याची जागा कोठडी नाहीच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला कुठल्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये ठेवायला मनाई केली आहे. त्याला २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेलं पाहिजे.

७. काहींना जास्त जपावं लागतं

विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या अनेक आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आजार असतो. पाणी कमी पडलं किंवा थंड फरशीवर रात्र काढावी लागली तर रक्तवाहिन्या तुंबून असह्य कळा येतात. पांघरूण आणि मुबलक पाणी या अशा रुग्णासाठी औषधाइतक्या गरजेच्या गोष्टी. टीबी आणि एचआयव्हीच्या गोळ्यांत खंड पडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, त्यामुळे हे डोस चुकवायचे नाहीत.

स्त्रियांचं वेगळं. गरोदर आहे का, अंगावर पाजणारं मूल घरी आहे का, पाळी चालू आहे का, हे महिला कर्मचाऱ्याने विचारावं आणि पॅड मागायला लावू नयेत. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कारागृहात १५ स्त्रियांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. १९८३ च्या निकालात न्यायालयाने स्त्रियांसाठी महिला पोलिसांच्या पहाऱ्यातल्या वेगळ्या कोठड्या ठेवायला सांगितलं. छळाची तक्रार आहे का हे न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतःहून विचारावं आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क समजावून सांगावा, हेही त्यात आहे. कोठडीच्या आरोग्याबद्दलचे दोन मोठे निकाल साध्या पत्रांतून उभे राहिले, ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते.

८. घरच्यांच्या हातात काय आहे

बरंच काही. औषधं सुटी न नेता मूळ पाकिटात न्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुना डिस्चार्ज कागद जोडा. एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात आजाराचं नाव, औषध, वेळ आणि 'हा डोस चुकल्यास काय होतं' हे लिहा. ते ठाणे अंमलदाराकडे देऊन स्टेशन डायरीत नोंद करायला सांगा आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. आवाज चढवू नका, पण पोच घेतल्याशिवाय परतू नका. वकील नसेल तर १५१०० या क्रमांकावर मोफत विधी सेवा मिळते.

कोर्टात रिमांडच्या वेळी न्यायाधीश "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" असं विचारतात. आजाराचं तिथेच सांगायचं. औषध, पथ्याचं जेवण, तज्ज्ञ डॉक्टरकडून तपासणी यांचा लेखी अर्ज वकिलामार्फत त्याच वेळी द्यायचा. आदेश झाला की ठाण्यातल्या शिपायालाही औषध देताना बिचकावं लागत नाही.

पीसीआर संपून एमसीआर झाला की कागद पुन्हा हरवतात. कलम ५३ च्या अहवालाची प्रत आणि औषधांची यादी कारागृहातल्या प्रवेश तपासणीपर्यंत पोचली का, हे वकिलाला विचारायला लावा. आणि सुटका झाली की दोन कामं त्याच दिवशी करायची. टीबीच्या किंवा एचआयव्हीच्या औषधांचे (एआरटी) किती डोस चुकले, ते उपचार केंद्रावर जाऊन खरं सांगायचं. माणूस ब्राऊन शुगरसारखी नशा करणारा असेल, तर त्याला आणि त्याच्या मित्रांना हे नीट समजावायचं, की आत काढलेल्या दिवसांत शरीराची सवय मोडलेली आहे, आणि पूर्वी सहज पचणारी मात्रा आता श्वास थांबवू शकते. पहिले दोन आठवडे त्याला रात्री एकटं झोपू देऊ नका आणि जिल्हा रुग्णालयातल्या व्यसनमुक्ती बाह्यरुग्ण विभागात घेऊन जा.